मुलगा टेक्सासच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरतोय, आता काय करू?

पत्र:

नमस्कार. मी ठाण्याला पाचपाखाडीत राहते. मुलगा टेक्सासमध्ये आयटीत आहे, अजून नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. सून आणि चार वर्षांची नात तिकडेच. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने गॅरेज दाखवलं तर टेबलाला एक हिरवं लोखंडी यंत्र ठोकलेलं, बाजूला ट्रेमध्ये पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या ओळीने उभ्या. म्हणतो रायफलची काडतुसं मी घरीच भरतो. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाल्कनीत जाऊन आपली घड्याळं उघडून बसले (रिटायर झाल्यापासून जुनी एचएमटी दुरुस्त करायचा नाद आहे), तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाहीत. तिकडे दुकानात मिळतात ना गोळ्या, मग घरी कशाला? डोक्यात काही भलतंसलतं तर शिरलं नसेल? दिवाळीला येतोय, आणि माझे सासरे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते म्हणून स्वतः भरलेलं एक काडतूस बाबांना शो-पीस म्हणून आणतो म्हणतोय. वर ऐरोलीचा पुतण्या म्हणतो मी पण ते मशीन मागवतो.
– एक आई, ठाणे

काकू, नमस्कार.

तुम्ही तीन-चार प्रश्न विचारलेत पण जो विचारायला हवा होता तो एक राहिलाच, आणि तो तुमच्या पत्रातच पडलाय, एच-वन-बी. त्याच्यावर येतो. आधी "घरी कशाला" ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय काका काही फोनवर यायचे नाहीत.

गॅरेजमध्ये काडतुसं भरणं, ज्याला तिकडे रिलोडिंग म्हणतात, हा अमेरिकेत चोरून करायचा उद्योग नाही. स्वतःच्या वापरासाठी भरायला तिथे फेडरल लायसन्ससुद्धा लागत नाही, विकायला लागलात तर लागतं. यंत्रं, डाय (पुंगळी दाबून मापात आणायचे साचे), वजनकाटे, पुस्तकं सगळं उघड दुकानात मिळतं. तुम्ही पाहिलंत ते हिरवं यंत्र बहुतेक आरसीबीएस कंपनीचं असणार, त्यांचा रंगच तो, आणि ही कंपनी १९४३ पासून हेच करतेय. म्हणजे तुमच्या मुलाने काही नवीन शोध लावलेला नाही, तिकडचे रिटायर झालेले आजोबा लोक वर्षानुवर्षं करत आलेत ते तो करतोय.

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला बसवलेला, ठोका बसला की पेटणारा छोटा प्रायमर, आत पावडर, आणि पुढे गोळी. बंदूक उडाली की प्रायमर कामातून गेला, पावडर जळाली, गोळी गेली पलीकडे मातीच्या बांधात. हातात उरते फक्त पुंगळी, आणि गंमत अशी की चारांमध्ये सहसा सगळ्यात महाग तीच. ती स्फोटात थोडी फुगते एवढंच, तिला डायमधून दाबून परत मापात आणली, तपासली, की ती पुन्हा भरता येते, एकदा नाही बऱ्याच वेळा. मग साहजिकच कोणीतरी म्हणणार की ही फेकायची कशाला. सुरुवात बहुतेकांची इथेच होते, पैसे वाचवायला.

आता खरं सांगू का, पैसे वाचत नाहीत. म्हणजे एका काडतुसामागे वाचतात, लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या रायफलची तयार काडतुसं महागच असतात त्यामुळे तिथे चांगलेच वाचतात, पण साध्या ९ एमएम पिस्तुलाच्या गोळ्या कारखान्यातून इतक्या स्वस्त येतात की तिथे फरक किरकोळ. आणि जिथे वाचतात तिथे माणूस काय करतो, तेवढ्याच पैशात दुप्पट नेमबाजी करून येतो, वर यंत्र, काटा, डाय, पुंगळ्या घासायचं मशीन हे सगळं घेऊन बसतो. हा जोक रिलोडिंगवाले स्वतःच स्वतःवर करतात. तेव्हा तुमच्या सूनबाई म्हणाल्या की "काटकसर आहे हो आई" तर हो म्हणा आणि विषय बदला.

खरं कारण वेगळं आहे, आणि ते जरा नीट समजून घ्या. प्रत्येक रायफलची नळी वेगळी असते. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एका दिवशी बनलेल्या दोन रायफली घेतल्या तरी एकीला एक काडतूस आवडतं, दुसरीला दुसरं. कारखाना काय करणार, तो सगळ्यांच्या रायफलीत बसेल, सगळ्यांत सुरक्षित चालेल असं मधलं काडतूस काढणार, रेडिमेड शर्टासारखं. जो माणूस सहाशे-हजार यार्डांवर कागदाला भोक पाडायला जातो त्याला हे चालत नाही. तिथे एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा थोडा जरी कमी-जास्त झाला तरी ती वर किंवा खाली लागते. मग तो पुंगळ्या एकेक मोजतो, लांब झाली असेल तर कापून मापात आणतो, पावडर तोलतो. पावडरचं माप असतं ग्रेन, एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आणि ही मंडळी एक-दशांश ग्रेनवरून वाद घालतात. मग गोळी पुंगळीत किती खोल बसवायची ते ठरवतात, रेंजवर जाऊन वेग मोजायचं यंत्र लावतात, वहीत लिहितात, घरी येतात, परत थोडं बदलतात. हे महिनोन्‌महिने चालतं. शेवटी एक मिश्रण असं सापडतं की पाच गोळ्या एकाच भोकातून गेल्यासारख्या दिसतात, आणि त्या कागदाचा फोटो तो सगळ्यांना पाठवतो. तुम्हालाही आला असेल, तुम्ही नुसता अंगठा पाठवून दिला असेल.

हे वेड फक्त अमेरिकनांना आहे असं समजू नका. आपला कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे, ज्याने २०२४ ला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्रॉन्झ आणलं, त्या खेळात .२२ ची रायफल असते. .२२ चं काडतूस घरी भरता येत नाही, कारण त्यात वेगळा प्रायमर नसतोच, पेटणारं रसायन पुंगळीच्या कडेत भरलेलं असतं आणि घोडा पडला की ती कडच चेपते, एकदा वापरलं की संपलं. मग वरच्या लेव्हलचे शूटर काय करतात, तर कारखान्याच्या टेस्ट रेंजवर जाऊन आपली नळी शिकंज्यात घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडून बघतात, आणि ज्या लॉटच्या भोकांचा घेर कागदावर सगळ्यात लहान पडतो तो लॉट उचलतात. म्हणजे शोध तोच, माझ्या नळीला काय जमतं. ज्याला भरता येत नाही तो निवडतो, ज्याला भरता येतं तो भरतो. मी स्वतः क्लबात .२२ च चालवतो त्यामुळे ह्या गॅरेजवाल्यांचा मला थोडा हेवाच वाटतो, खोटं कशाला बोलू.

अजून दोन कारणं आहेत, पटकन सांगतो. एक म्हणजे टंचाई. अमेरिकेत मधूनमधून गोळ्यांचे शेल्फ रिकामे होतात, २०१३ ला झालं, २०२० च्या कोविडमध्ये तर फारच झालं, लोक घाबरून जे मिळेल ते घेऊन गेले आणि ज्याच्याकडे घरात पुंगळ्या, पावडर, प्रायमर होते त्याचाच शनिवार-रविवार चालू राहिला. अर्थात त्या वेळी पुढे प्रायमरही मिळेनासे झाले, म्हणजे हा उपाय काही रामबाण नव्हे. दुसरं, जुन्या बंदुका. आपल्या पोलिसांच्या हातात इतकी वर्षं दिसलेली, २६/११ ला सीएसटीवरसुद्धा होती ती थ्री-नॉट-थ्री, तिचे शौकीन तिकडे भरपूर आहेत, पण असल्या जुन्या मापांची काडतुसं सगळ्या दुकानांत नेहमी थोडीच ठेवतात, आणि काही त्याहून जुनी मापं तर आता जवळपास कोणी बनवतच नाही. आजोबांची रायफल भिंतीवर टांगून ठेवायची नसेल तर भरायला शिकावं लागतं.

आणि मग राहतं ते जे सूनबाईंना विचारलंत तर त्या सांगतील. दिवसभर कॉल, टिकेट, डेडलाईन, वर व्हिसाचं टेन्शन, आणि रात्री दीड तास एक अशी गोष्ट जिच्यात मोबाईल बघितला तर चालत नाही. खरंच चालत नाही. पिस्तुलाच्या पुंगळीत पावडर इतकी थोडी लागते की लक्ष उडालं तर एकाच पुंगळीत दोनदा पडू शकते आणि वरून चटकन कळतही नाही, ते उडालं तर बंदूक हातात फुटते. उलट पावडर पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि मागून दुसरी झाडली की नळी गेली. म्हणून रेडिओसुद्धा बंद ठेवून बसणारी माणसं आहेत ह्यात. काकांना एवढंच विचारा, एचएमटी बाजारात किती रुपयाला मिळेल आणि तुम्ही तिच्यावर किती रविवार घालवलेत. बापाचा हात पोरात उतरलाय हो, फक्त बाल्कनीच्या जागी गॅरेज आलं.

भलतंसलतं शिरलंय का म्हणालात. ज्याच्या डोक्यात भलतं असतं त्याला घाई असते आणि घाईवाल्याला टेक्सासमध्ये तयार डबा दुकानात मिळतो, तो पुंगळ्यांची तोंडं घासत बसत नाही. तरी पण आईला जे कळतं ते मला इथून कळणार नाही, तेव्हा झोप उडालीय का, चिडचिड वाढलीय का, पिणं वाढलंय का, लोकांत मिसळणं बंद केलंय का, हे सूनबाईंना वेगळ्या फोनवर विचारा. त्यातलं काही असेल तर विषय काडतुसांचा राहत नाही, बंदूक घराबाहेर ठेवायची आणि डॉक्टरांकडे जायचं. नसेल तर नाही.

आता तो राहिलेला प्रश्न. मुलगा एच-वन-बीवर आहे. अमेरिकेचा फेडरल कायदा असा आहे की अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या नसलेल्या, व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही आणि काडतुसंही बाळगता येत नाहीत, काही ठराविक अपवाद सोडून. आणि त्या कायद्यात काडतूस म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नाही, रिकामी पुंगळी, प्रायमर, गोळी, पावडर, सगळं वेगवेगळं सुद्धा त्यातच मोडतं. म्हणजे तुम्ही ट्रेमध्ये पाहिलंत ते सगळं. नेहमी वापरला जाणारा अपवाद म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते काढणं सोपं आहे, हजारो आपली पोरं तिकडे असंच कायदेशीर शूटिंग करतात, त्यामुळे त्याच्याकडे ते असेलच अशी आशा करू. पण "चालू" ह्या शब्दावर सगळं अडतं. टेक्सासचं वार्षिक हंटिंग लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, कधीही काढलेलं असो. १ सप्टेंबरला उठून ज्याने नवीन काढलं नाही आणि गॅरेजमध्ये रायफल तशीच ठेवली, तो कागदावर गुन्हेगार झाला, आणि ह्या गुन्ह्यात तुरुंग तर आहेच पण तिकडून हाकललं जाणं पण आहे. ग्रीन कार्ड हातात आलं की ही भानगड संपते, पण तो अजून रांगेत आहे. तेव्हा रविवारी "हे काय नाद लागलेत" ने सुरुवात करू नका, "तुझं हंटिंग लायसन्स कधीपर्यंत आहे रे" ने करा. आधी तो गप्प होईल. आईला हे कसं माहीत म्हणून. आणि उत्तर गुळमुळीत आलं तर तिकडच्या इमिग्रेशन वकिलाशी लगेच बोलायला सांगा, मित्राशी नाही, ऑफिसातल्या सीनियरशी नाही, वकिलाशी.

दुसरं, मित्रांना भरून देऊ नकोस म्हणावं. विकलं तर लायसन्स लागतं हे वर आलंच, पण फुकट दिलेल्या काडतुसाने दुसऱ्याची बंदूक फुटली तर मैत्री आणि घर दोन्ही कोर्टात. जुने रिलोडर दुसऱ्याने भरलेलं काडतूस हातातही धरत नाहीत, भावाने भरलं असलं तरी.

नात चार वर्षांची आहे म्हणून एवढं विचारा. पावडर आणि प्रायमर कुलपात आहेत ना, पावडर मूळ डब्यातच आहे ना, गॅरेजमधल्या गिझरपासून लांब आहे ना. हल्लीची धूरविरहित पावडर उघड्यावर भुर्रकन जळते, बॉम्बसारखी फुटत नाही, काकांना हे जरूर सांगा. प्रायमर मात्र चेपला की फुटतो, ते बारीक आणि चमकदार असतात आणि पोरांना नेमकं तेच उचलावंसं वाटतं. आणि शिसं. प्रायमरच्या राखेत शिसं असतं, बऱ्याच गोळ्यांत असतं, पुंगळ्या घासताना जी धूळ उडते तिच्यातही असतं, आणि लहान मुलाच्या मेंदूला शिसं फार वाईट. तेव्हा काम झालं की साबणाने हात, कपडे वेगळे, तिथे चहा-बिस्किट नाही, आणि नात मांडीवर नाही. ह्यावर मात्र आजीचा हक्क वापरून रागवायचं असेल तर रागवा, माझा पूर्ण पाठिंबा.

शो-पीस काडतूस आणायचं नाही. भरलेलं नाही, रिकामी पुंगळीही नाही, पुंगळीचं की-चेन नाही, प्रायमर-पावडर नसलेलं डमी पण नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग येतात, इतकंच नाही तर काडतुसं बनवायची मशिनरी पण येते. दरवर्षी कोणी ना कोणी विमानतळावर बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेल्या एका काडतुसापायी अडकतं, आणि येताना सुटलं तर जाताना एक्स-रेमध्ये दिसतं. नकळत राहिलं होतं हे सिद्ध झालं तर कोर्टं सोडतात, सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्येच सांगितलंय की ताबा जाणीवपूर्वक हवा, पण तुमच्या मुलाला ते म्हणता येणार नाही कारण तो मुद्दाम आणतोय, आणि तोपर्यंत विमानतळाचं सहार पोलीस स्टेशन, जामीन, हुकलेली फ्लाईट, आणि एच-वन-बीवाल्याच्या पुढच्या व्हिसा फॉर्मवर "अटक झाली होती का" ह्या रकान्यात हो. रेंजवर नेतो ती बॅग प्रवासाला घेऊ नकोस, वेगळी बॅग घे, जॅकेटचे खिसे उलटे करून झटक, हे त्याला लिहूनच पाठवा.

सासऱ्यांची आठवणच हवी असेल तर काडतुसापेक्षा चांगली गोष्ट आहे, ती बाप-लेकांना फोनवर सांगा, बोलायला विषय होईल. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. ब्रिटिशांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या पुंगळ्या आपोआप तडकायच्या, कोणाला कळेना का. शेवटी १९२१ मध्ये उलगडलं की घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ ओढताना त्यात राहिलेला ताण, दोन्ही मिळून तडा जातो. म्हणून आजही रिलोडर पुंगळ्या अमोनियावाल्या पॉलिशने घासत नाहीत. मुलगा कशाने घासतो ते काकांनीच विचारावं, घड्याळाची पितळी चाकं साफ करणाऱ्या माणसाला ह्यात मत असणारच.

राहिला पुतण्या. ऐरोलीत काय, भारतात कुठेच हा प्रकार घरी करायचा नाही. काडतूस बनवायला शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली लायसन्स लागतं, ते घरगुती हौशीला मिळत नाही, आणि लायसन्सशिवाय केलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. पावडरीला स्फोटकांचा कायदा वेगळा. इथे तर लायसन्स असलेल्यांनाही निवडणूक आली की बंदूक जमा करायचा निरोप येतो, आणि हा ऑनलाईन काडतुसं भरायचं मशीन मागवतोय. त्याला खरंच शौक असेल तर एअर रायफलपासून सुरू करू दे, १० मीटरला साधे शिशाचे छर्रे लागतात, तिथेही कुठल्या डब्यातले छर्रे आपल्या नळीला जमतात हे शोधण्यात वर्ष जातं. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये चौकशी करायला सांगा. ऐरोलीहून शनिवारी सकाळी लवकर निघाला तर ट्रॅफिक लागत नाही, नऊनंतर मात्र माझी जबाबदारी नाही.